वयात येणं थांबवणारं इंजेक्शन की समुपदेशन घेत वाट पाहणं?

आपण जन्मतः ठरवलेले मुलगा किंवा मुलगी नाही असं वाटणाऱ्या लेकराला वयात येताना स्वतःचंच शरीर परकं वाटतंय आणि नागपुरातले आईबाप या दोन मार्गांत अडकलेत, तर आधी परतीची वाट बघा. ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन, बहुधा दर तीन महिन्यांनी 11.25 मिग्रॅ, बंद केलं की वयात येणं पुन्हा सुरू होतं. वाट पाहण्यात औषधाचा धोका नाही, पण फुटलेला आवाज परतत नाही आणि वाढलेली छाती शस्त्रक्रियेशिवाय जात नाही.

हाडांच्या बाबतीत मात्र इंजेक्शनची बाजू लंगडी. हाडं याच वयात भरतात, तो वेग मंदावतो. म्हणून सुरुवातीला आणि पुढेही ठरावीक काळाने डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, शिवाय कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. डोस लांबला की हार्मोन्स पुन्हा चढतात. पुढे थेट स्वतःला जाणवणाऱ्या लिंगाचे हार्मोन्स घ्यायचे असतील, तर मूल होण्याच्या क्षमतेबद्दल आधीच बोलून घ्या.

इंजेक्शनच्या फायद्याचा पुरावा? अशा मुलांच्या उपचारांचा आढावा घेणाऱ्या ब्रिटनच्या 2024 च्या कॅस अहवालाने तो कमकुवत ठरवला. डब्ल्यूपॅथ या ट्रान्सजेंडर आरोग्यावरच्या जागतिक तज्ज्ञ संघटनेची 2022 ची तत्त्वं निवडक मुलांना मुभा देतात.

त्रास नुकताच बोलून दाखवला असेल, तर नागपुरातल्या मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा एम्सच्या मानसोपचार विभागापासून सुरुवात करा. ‘पोराच्या डोक्यातलं हे खूळ काढून देतो’ म्हणणाऱ्याकडे अजिबात नेऊ नका. वर्षानुवर्षं टिकलेला, वयात येताना वाढलेला त्रास असेल, तर एंडोक्रिनोलॉजिस्टलाही (हार्मोन्सच्या डॉक्टरला) लवकर भेटा.