चेक इंजिनचा दिवा लागला: मोबाइल अ‍ॅप, हातातला कोड रीडर की गॅरेजचा स्कॅनर?

डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा लागला, गाडी मात्र व्यवस्थित चालतेय, तर तीन मार्ग असतात. गॅरेजमध्ये जाऊन स्कॅनर लावून घ्यायचा. स्वतःचा छोटा स्क्रीन आणि वायर असलेला हातातला कोड रीडर विकत घ्यायचा. किंवा गाडीच्या पोर्टात काडेपेटीएवढा अडॅप्टर खोचून ब्लूटूथवरून मोबाइलवर सगळं बघायचं. तिसरा मार्ग सगळ्यात स्वस्त, म्हणून बहुतेक जण आधी तिकडे वळतात.

माझं मत आधीच सांगतो. नुसता कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेला दोषाचा क्रमांक, वाचायचा आणि पुसायचा एवढंच काम असेल तर हातातला रीडर बरा, कटकट नाही. गाडी चालू असताना सेन्सर काय सांगतायत ते बघायचं असेल तर मोबाइलला तोड नाही. आणि एबीएस, एअरबॅग किंवा डीपीएफचं (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं) दुखणं असेल तर पहिल्या दोन्हींवर पैसे घालवू नका, सरळ गॅरेज गाठा.

गाडीत पोर्ट आहे का

स्टीअरिंगखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ सोळा पिनांचं चौकटी सॉकेट दिसेल. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ते सक्तीचं आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०१३ पासून बीएस-४ हा उत्सर्जनाचा निकष पाळणाऱ्या गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष तपासून या पोर्टातून सांगायची पद्धत, लागू झाली. पण २०१० मध्ये बीएस-४ आलं ते काही निवडक शहरांत. महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि सोलापूर त्यात होती. देशभर ते यायला २०१७ चा एप्रिल उजाडला. त्यामुळे गाडी २०१४ ची आहे, एवढ्यावरून खात्री धरू नका. ती बीएस-३ असेल तर पोर्ट असूनही अ‍ॅपला उत्तर मिळेलच असं नाही. आरसीवर उत्सर्जनाचा निकष छापलेला असेल तर तो बघा.

बीएस-६ गाडी असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

खरी निवड अ‍ॅपची नाही, अडॅप्टरची

लोक अ‍ॅपवरून वाद घालतात आणि अडॅप्टर तीनशे रुपयांचा उचलतात. सगळी गंमत तिथेच होते.

ईएलएम३२७ ही मूळ चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. तिचं काम दुभाष्याचं: गाडीच्या ईसीयूची, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची, बोली एकीकडे, मोबाइलला कळतील अशा साध्या अक्षरी आज्ञा दुसरीकडे. सुरुवातीच्या चिपमधला प्रोग्रॅम चिनी कारखान्यांनी उचलला आणि नकलांचा पूर आला. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, नकला जोरात आहेत. त्यातली एक खूण ध्यानात ठेवा. डब्यावर 'व्हर्जन १.५' असं अभिमानाने छापलेलं असतं, पण एल्मने १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती. तरीही १.५ म्हणून विकली जाणारी नक्कल पुष्कळदा बरी चालते. २.१ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच स्वस्त नकला मात्र अर्ध्या आज्ञांना उत्तरच देत नाहीत. आकडा मोठा म्हणून माल चांगला, हा हिशोब इथे उलटा पडतो.

आपल्याकडच्या जुन्या छोट्या गाड्यांना याचा जास्त फटका बसतो. नव्या गाड्या कॅन बस या वेगवान तारांच्या जोडीवर बोलतात, पोर्टातल्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांवरून, बहुधा सेकंदाला ५०० किलोबिटच्या वेगाने. जुन्या बऱ्याच गाड्या ७ नंबरच्या पिनेवरच्या के-लाइन या जुन्या पद्धतीच्या तारेवरून बोलतात, आणि तो वेग जेमतेम १०.४ किलोबिट. पुष्कळ स्वस्त नकलांमध्ये के-लाइनचे सुटे भाग बसवलेलेच नसतात. मग तोच अडॅप्टर भावाच्या नव्या गाडीत चालतो, तुमच्या जुन्या हॅचबॅकमध्ये 'ईसीयूशी संपर्क होत नाही' असा मेसेज येतो, आणि दोष मात्र गाडीवर जातो. के-लाइनवाली गाडी असेल तर एका वेळी चारपेक्षा जास्त मीटर स्क्रीनवर मांडू नका, काटे अडखळत चालतात.

मधल्या दर्जाचा ब्लूटूथ अडॅप्टर साधारण दोन ते साडेतीन हजारांत मिळतो. व्हीगेट, व्हीपीक ही त्यातली नावं. ओबीडीलिंक त्याहून बरीच महाग, काम चोख, पण घरच्या वापरासाठी एवढी उडी मारायची गरज बहुतेकांना नाही.

आयफोनवाल्यांसाठी एक वेगळी अडचण. साधा जुन्या पद्धतीचा ब्लूटूथ अडॅप्टर आयफोनशी जुळत नाही. ब्लूटूथ ४.० म्हणजे बीएलई असलेला घ्या, नाहीतर वायफायवाला. वायफायवाल्याची अडचण अशी, की फोन त्याच्या वायफायला जोडला की इंटरनेट गायब, आणि मॅपवर रस्ता बघायची सोय हमखास बिघडते. अँड्रॉइडवर सरळ ब्लूटूथ घ्या, पेअरिंगचा पिन बहुधा १२३४ किंवा ०००० असतो.

आणि अडॅप्टर पोर्टात कायमचा ठेवू नका. १६ नंबरच्या पिनेला बॅटरीचा करंट सतत असतो, चावी काढली तरी. समजा अडॅप्टर ४० मिलिअँपिअर खातोय, तर दिवसाला जवळपास एक अँपिअर-तास गेला. छोट्या हॅचबॅकची पस्तीस अँपिअर-तासांची बॅटरी असेल आणि तुम्ही गणपतीला गाडी सोसायटीत लावून ट्रेनने कोकणात गेलात, तर आल्यावर जंप स्टार्टसाठी शेजाऱ्याचं दार वाजवावं लागू शकतं.

अ‍ॅपचं थोडक्यात सांगतो. कार स्कॅनर अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं, आणि त्यात कंपनीनुसार प्रोफाइल निवडता येतात. मी पहिल्यांदा घेणाऱ्याला हेच सुचवतो. टॉर्क फक्त अँड्रॉइडवर, दिसायला जुनाट, पण मीटर हवे तसे मांडता येतात. ओबीडी फ्यूजन दोन्हींवर चालतं आणि पैसे भरून घ्यावं लागतं. सगळ्यांचा गाभा एकच, कारण ईसीयू जे देतो तेच ती दाखवतात.

मोबाइल जिथे जिंकतो

कोड म्हणजे निकाल असं समजू नका. पी०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (एक्झॉस्टमधला धूर साफ करणाऱ्या भागाची) कार्यक्षमता कमी दिसतेय, एवढंच. त्यावरून कन्व्हर्टर बदलायला सांगणारा भेटला तर थांबा. मागचा ऑक्सिजन सेन्सर, एक्झॉस्टमधली गळती, कुठल्यातरी सिलिंडरचं मिसिंग, यातल्या कशानेही तो कोड पडतो. कन्व्हर्टरचा खर्च कित्येक हजारांत जातो, सेन्सर त्यामानाने स्वस्त आणि पाइपचा गॅस्केट आणखी स्वस्त. कोणता खर्च आधी करायचा हे ठरवायला चालू गाडीतले आकडे लागतात.

त्यातला सगळ्यात कामाचा आकडा म्हणजे फ्युएल ट्रिम. ऑक्सिजन सेन्सर जे सांगतो त्यावरून ईसीयू पेट्रोल वाढवतो किंवा कमी करतो, आणि किती टक्के ते अ‍ॅपमध्ये दिसतं. अल्पकालीन ट्रिम सारखा नाचतो, दीर्घकालीन ट्रिम हळू सरकतो. दोन्हींची बेरीज शून्याच्या आसपास, म्हणजे अधिक-उणे पाचच्या आत असेल तर उत्तम, दहापर्यंत चालून जातं. ती बराच वेळ अधिक पंचवीसच्या घरात अडकली की पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) असल्याचा कोड पडतो.

आता हाच आकडा आयडलिंगला बघा, मग गाडी उभी ठेवून २५०० आरपीएमवर बघा. आयडलिंगला खूप वर आणि आरपीएम वाढवल्यावर सुधारतो, तर कुठूनतरी हवा चोरून आत जातेय. उलट जोर दिल्यावरच बिघडतो, तर पेट्रोल पुरत नाही: पंप, फिल्टर. मात्र हा नियम हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीचा. आपल्या बऱ्याच छोट्या गाड्यांत मॅनिफोल्डचा दाब मोजणारा एमएपी सेन्सर असतो. तिथे हवा चोरून आली तरी ट्रिम फारसा हलत नाही, आयडलिंग चढलेलं दिसतं. इंटरनेटवरचे अमेरिकन व्हिडिओ बघून निष्कर्ष काढण्याआधी आपली गाडी कोणत्या जातीची, ते बघून घ्या.

बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलेल्यांना तर हा आकडा रोजच्या उपयोगाचा आहे. असं किट पेट्रोलच्या इंजेक्टरचा इशारा पकडतं आणि त्याला गुणून गॅसचा इंजेक्टर उघडतं. गुणाकार चुकला की पेट्रोलचा ईसीयू आपल्या परीने दुरुस्ती करत राहतो. समजा पेट्रोलवर दीर्घकालीन ट्रिम अधिक दोन आहे आणि गॅसवर पंधरा-वीस किलोमीटर चालवल्यावर अधिक अठरा झाला, तर गॅसचं ट्यूनिंग पातळ आहे. ही शिकवण ईसीयू लक्षात ठेवतो, म्हणून पुन्हा पेट्रोलवर टाकल्यावर गाडी थोडा वेळ झटके देते आणि मालक म्हणतो पेट्रोलमध्ये भेसळ आहे. ट्यूनिंग मोबाइलवरून होत नाही, त्याला किटवाल्याची केबल आणि सॉफ्टवेअर लागतं. पण दोन्ही आकड्यांचे स्क्रीनशॉट दाखवल्यावर किटवाला तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलतो, हे नक्की.

दुसरा आकडा कूलंटच्या तापमानाचा. कित्येक हॅचबॅकमध्ये तापमानाचा काटाच नसतो, फक्त निळा आणि लाल दिवा. जिथे काटा असतो तिथेही तो ठरावीक टप्प्यात मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो. खंडाळ्याचा घाट चढताना ९२ वरून १०२ वर जाऊन पंखा लागला की परत ९५ वर आला, तर सगळं ठीक. हायवेवर अर्धा तास चालवूनही ७० च्या पुढे जात नसेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. आणि इनटेक हवेचं तापमान उणे ४० दिसलं तर घाबरू नका. त्या आकड्यात ईसीयूने पाठवलेल्या संख्येतून ४० वजा करायचे असतात. उणे ४० म्हणजे पाठवलेली संख्या शून्य, अर्थात बहुधा सेन्सरचा प्लग निघालाय किंवा वायर तुटलीय.

आकडे बघायचे ते शेजारी बसलेल्याने. ड्रायव्हरने नाही. बहुतेक अ‍ॅप नोंद साठवतात, ती घरी येऊन वाचा.

हातातला रीडर आणि गॅरेज

हातातला साधा रीडर दोन ते चार हजारांत येतो. पेअरिंग नाही, चार्जिंग नाही, खोचला की सुरू. घरात दोन-तीन गाड्या आहेत, वडिलांनाही वापरता यायला हवा, तर हाच घ्या. आलेख आणि नोंदीच्या बाबतीत तो मोबाइलच्या मागे आहे.

गॅरेजचा मोठा स्कॅनर ईसीयूला आज्ञाही देऊ शकतो, आणि खरा फरक तिथे आहे. बीएस-६ डिझेल गाडी रोज शहरात पाच-सात किलोमीटर चालते, डीपीएफमध्ये काजळी साठते, नेहमीच्या चालवण्यातलं रिजनरेशन, म्हणजे ती काजळी जाळून टाकणं, पुरं होत नाही आणि शेवटी गाडी जोर धरेनाशी होते. तेव्हा उभ्या गाडीवर करायचं रिजनरेशन, इंजेक्टरचं कोडिंग, एअरबॅगचा दिवा, चावीचं प्रोग्रॅमिंग ही कामं तिथलीच. काही अ‍ॅप यातलं थोडं करू बघतात, पण कंपनीच्या पद्धतीची माहिती नसताना मी तो प्रयोग करणार नाही. स्कॅन करायला जागेनुसार काही शे रुपयांपासून हजारापर्यंत घेतात. पैसे देताना कोडच्या स्क्रीनचा फोटो मागा, 'सेन्सर गेलाय' एवढ्यावर समाधान मानू नका. गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः काहीही पुसण्याआधी सर्व्हिस सेंटरला दाखवा.

पुसण्याबद्दल एवढंच, की कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते. दोष आला त्या क्षणाचा वेग, आरपीएम आणि तापमान तिच्यात नोंदलेलं असतं, आणि मिस्त्रीला तेच हवं असतं. आधी स्क्रीनशॉट, मग पुसणं. आपल्या पीयूसीत धूर आणि वायू तपासतात, ओबीडी बघत नाहीत. पण कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मंडळींनी स्मॉग चेकच्या (तिथल्या प्रदूषण तपासणीच्या) आदल्या रात्री कोड पुसू नये. तिथे २००० च्या मॉडेलपासून पुढच्या पेट्रोल गाड्यांची तपासणी पोर्टातूनच होते. नुकतेच पुसलेले असतील तर ईसीयूच्या स्वयंतपासण्या अपूर्ण दिसतात आणि गाडी नापास होऊ शकते.

अडॅप्टर ऑनलाइन मागवलात तर परतीची मुदत संपण्याआधी इतकं करा: इंजिन चालू ठेवून जोडा, अ‍ॅपला चॅसी नंबर वाचता येतो का बघा (जुन्या गाड्या तो देत नाहीत, त्यावरून माल परत करू नका), आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएमचा आकडा लगेच हलतो की रेंगाळतो ते पाहा. कॅनवाल्या गाडीत रेंगाळत असेल किंवा दर दोन मिनिटांनी संपर्क तुटत असेल, तर अ‍ॅप बदलत बसू नका, अडॅप्टर परत पाठवा.