लॅपटॉप गरम होतो म्हणून दुकानात दिला, ९,७०० रुपये गेले आणि रॅमपण गेली

पहिलेच सांगतो, दुकानाचं नाव लिहीत नाहीये, तक्रार चालू आहे म्हणून. जळगावातलं आहे एवढं पुरे. कोणाचा तरी लॅपटॉप या उन्हाळ्यात वाचेल म्हणून लिहून राहिलो, नाहीतर हे सगळ्यांना सांगायची मला लाजच वाटते.

मी चोपड्याचा. लॅपटॉप २०२१ चा, ६४,००० चा, जीटीएक्स १६५० ग्राफिक कार्डवाला, वडिलांनी केळीच्या पैशातून घेऊन दिलेला. रॅम ८ जीबी होती, २०२२ मध्ये मी स्वतःच्या पैशातून अजून ८ ची स्टिक टाकून घेतली, २,६५० ची. मे महिन्यात आमच्याकडचं ऊन खान्देशवाल्यांना सांगायला नको, दुपारी ४४-४५, रात्री भिंतीसुद्धा तापलेल्या. जीटीए फाइव्ह लावलं की वीस मिनिटं मस्त चालायचं, मग सेकंदाला ६० चे फ्रेम एकदम १८ वर, पंखा किंचाळतोय, कीबोर्डवर बोट टेकवत नाही. मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर टाकून पाहिलं तर प्रोसेसर ९७-९८ डिग्री. गेम बंद करून दहा मिनिटं थांबलो की परत ठीक.

म्हणजे हे थ्रॉटलिंग होतं, प्रोसेसर १०० च्या जवळ गेला की जळू नये म्हणून स्वतःच स्पीड कमी करतो. हे मला माहीत होतं! चार वर्षं आतून साफ केलेला नाही, चिपची उष्णता बाहेर जावी म्हणून तिच्यावर लावलेली पेस्ट वाळली असणार, साफसफाई आणि नवी पेस्ट एवढंच काम, हेसुद्धा माहीत होतं. घरी उघडला नाही कारण आतल्या पट्टीच्या वायरी नाजूक असतात, एखादी तुटली तर वडिलांना काय तोंड दाखवू. कोणी म्हणेल घाबरट, पण ६४ हजाराची वस्तू पहिल्यांदा उघडताना कोणाचाही हात थरथरेल.

दुकानात बोलणं झालं ८०० रुपयांत, सर्व्हिसिंग आणि पेस्ट. मी म्हटलं इथंच थांबतो. तो म्हणे, "आत धूळ नको भो, दोन तासांनी ये." आणि लॅपटॉप पडद्यामागं. मी निघालो. इथंच थांबायला पाहिजे होतं मी.

तासाभरात फोन. ग्राफिक चिपचं सोल्डर, म्हणजे तिला बोर्डाला धरून ठेवणारे धातूचे टाके, सुटलंय, रिबॉलिंग, म्हणजे चिप काढून ते टाके नव्यानं घालणं, करावं लागेल, नाहीतर आठ दिवसांत बोर्ड जाईल. "जळगावचं ऊन आहे भो, चिप सुटतेच." ६,५०० रिबॉलिंगचे, १,४०० नव्या पंख्याचे, १,८०० इंपोर्टेड पेस्टचे, वरून ते ८०० वेगळेच. १०,५०० चे शेवटी ९,७०० केले आणि मला वाटलं मी घासाघीस केली. ३,००० लगेच पाठवायला लावले, राहिलेले ६,७०० घेताना. आता विचार केला की डोकं फुटतं. लेड नसलेलं सोल्डर २१७ डिग्रीच्या आसपास वितळतं, ४५ च्या उन्हानं कसं सुटेल? चिपचा सांधा गेला तर बहुतेक वेळा स्क्रीनवर रेषा येतात, डिस्प्ले काळा होतो. माझा आदल्या रात्रीपर्यंत नीट चालत होता, फक्त तापत होता. पण तो इतक्या ठामपणे बोलत होता आणि मी रस्त्यावर उन्हात उभा होतो, बोर्ड जाईल म्हटल्यावर माणूस घाबरतोच.

संध्याकाळी घ्यायला गेलो. काउंटरवर लॅपटॉप उलटा ठेवलेला होता. मागच्या जाळीत करड्या धुळीचा कापसासारखा थर तसाच्या तसा बसलेला. मी पाहिला. माझ्या डोळ्यांनी पाहिला, बोटानंसुद्धा लावून पाहिलं. रिबॉलिंग करायचं म्हणजे पंखा काढा, हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) काढा, अख्खा बोर्ड बाहेर काढा, एवढं सगळं केल्यावर ती धूळ जाळीत राहते का? हाच प्रश्न त्याला विचारायचा होता. पण मागं तीन गिऱ्हाईक उभे होते, चोपड्याची गाडी चुकेल म्हणून घाई होती, तो म्हणे "ब्लोअर मारलाय, थोडीफार राहतेच", आणि मी क्यूआर स्कॅन करून ६,७०० टाकून मोकळा झालो. ती धूळ रोज डोळ्यांसमोर येते.

घरी तिसऱ्या दिवशी परत ९७ डिग्री. आणि गेम आता पहिल्या मिनिटापासूनच अडखळतोय. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला तर मेमरी ८ जीबी, दोनपैकी एकच स्लॉट भरलेला. माझी स्टिक काढून घेतली होती.

मग मित्राच्या ओळखीच्या एका पोरानं माझ्यासमोर उघडला, ४५० रुपये घेतले. पंखा जुनाच, पात्यांवर चार वर्षांची धूळ. चिपवर वाळून पापुद्रा झालेली जुनी पेस्ट, हीटसिंक कोणी हलवलेलंच नव्हतं. साफ करून नवी पेस्ट लावल्यावर त्याच गेममध्ये ८३ डिग्री. एवढंच काम होतं.

दुकानदार म्हणे तुझ्यात आठच होती. पोलिसांकडं गेलो तर चोपड्यात म्हणे दुकान जळगावात, तिथं जा. जळगावात पहिल्या दिवशी साहेब नाहीत, दुसऱ्या खेपेला दीड तास बाकावर बसवलं, मग म्हणे बिल कुठंय. बिल म्हणजे काय तर हातानं लिहिलेली चिठ्ठी, त्यावर ना शिक्का ना जीएसटी नंबर. मी म्हटलं ही सरळ फसवणूक आहे, आधीचं कलम ४२०, आता नव्या न्याय संहितेत ३१८. तर म्हणे, "आम्हाला कलमं शिकवू नको, हे दिवाणी आहे." रॅम चोरली हे दिवाणी? तर ती तुझ्यात होती याचा पुरावा काय. ऑनलाइन घेतल्याचं बिल दाखवलं, म्हणे त्यावर सिरीयल नंबर नाही. अर्ज ठेवून घेतला, पोच दोनदा मागितली तेव्हा दिली, पुढं काहीच नाही. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, दुकानाशी संपर्क झाला नाही म्हणून बंद करून टाकली. लॅपटॉप कंपनीला फोन केला तर वॉरंटी संपली, विषय संपला. मोठ्या माणसाचा लॅपटॉप असता तर असंच बाकावर बसवलं असतं का?

लॅपटॉप देण्याआधी टास्क मॅनेजरच्या मेमरी आणि डिस्कच्या पानांचा फोटो काढा, तारखेसकट. रॅमवरचा नंबर कुठंतरी लिहून ठेवा. पडद्यामागं नेत असेल तर उचला आणि निघा. काढलेला जुना पंखा मागा, देत नसेल तर बदललेलाच नाही. आणि फक्त तापत असेल तर आधी पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसर जास्तीत जास्त ९९ टक्के करून बघा, टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा वरचा जादा स्पीड, बंद होतो आणि तापमान बरंच उतरतं. मागून उचलून ठेवा, गादीवर ठेवून खेळू नका. फोनवर बोर्ड जाईल म्हणणाऱ्याला एकच उत्तर, काही करू नको, मी येतोय.

वडिलांनी एकच विचारलं, "तू उभा का बरं नही राह्यना तठे?" याचं उत्तर माझ्याकडं अजून नाही.

९,७०० आणि २,६५० म्हणजे १२,३५०, वर ४५० त्या पोराचे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, हे मला पोलीस ठाण्यात कोणी सांगितलं नाही, स्वतः शोधावं लागलं. पेमेंटचे दोन्ही स्क्रीनशॉट, ती चिठ्ठी, अर्जाची पोच, सगळ्याच्या झेरॉक्स काढून ठेवल्यात. सोमवारी पहिल्या गाडीनं जळगावला जातोय.