रोडस्टर की ड्रॉपहेड? जुनी टपाची गाडी घेणाऱ्यांसाठी

जुनी उघडी गाडी घ्यायची म्हटलं की कंपनी कोणती हे नंतर, आधी टप कसला हे ठरवावं लागतं. मोठी उघडी टूरर इथे बाजूला ठेवतो; घरची चार-पाच माणसं बसवायची असतील तर तीच घ्यावी. खरी ओढाताण रोडस्टर आणि ड्रॉपहेडमध्ये होते. जुनी रोडस्टर म्हणजे हलकी उघडी गाडी, साधा टप, आणि दारांना काचेऐवजी काढ-घाल करायचे पारदर्शक सेल्युलॉइडचे पडदे; ड्रॉपहेड म्हणजे जाड मिटता टप आणि दारांना काचा.

ही ओढाताण घोडागाडीच्या काळापासूनची. फेटन हलकी, मालकाने स्वतः लगाम धरून पळवायची. लँडोला पुढून-मागून दोन टप, मध्ये जुळले की गाडी बंद, दारांना काचा. रोडस्टर मला पहिलीच्या वळणाची वाटते, ड्रॉपहेड दुसरीच्या.

एकाच गाडीत फरक बघायचा तर जॅग्वार एक्सके १२० घ्या. १९४८ची रोडस्टर दिसायला अप्रतिम, यावर वाद नाही. दाराला बाहेरून हँडलच नाही, आत हात घालून दोरी ओढायची. १९५३च्या ड्रॉपहेडला वर-खाली होणाऱ्या काचा, अस्तर लावलेला टप, अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड. वजन अर्थातच जास्त, आणि मिटलेला टप मागे गाठोड्यासारखा बसतो. गाडी मागे घेताना मान मोडते.

माझ्याकडे आधी एक रोडस्टर होती (नाव सांगत नाही, त्या घराण्याच्या सगळ्याच तशा). पावसाचा त्रास मी सहन केला. भिजलं तर वाळतं. वैताग आणला तो बाजूच्या पडद्यांनी. सेल्युलॉइड पिवळं पडतं, सीटमागे ठेवलं की एकमेकांवर घासून चरे पडतात, आणि रात्री समोरून दिवे आले की सगळा पडदाच पांढरा होतो. पण त्याहून वाईट म्हणजे मधलं काहीच नाही. पडदे लावले की घुसमट, काढले की झोडपणं. भुरभुर पावसात काच फक्त चार बोटं खाली हवी असते, आणि नेमकी तीच सोय रोडस्टरमध्ये नाही. जुन्या ब्रिटिश ड्रॉपहेडमध्ये तर टपही तीन टप्प्यांचा मिळतो: पुढचा भाग गुंडाळून डोक्यावर आकाश, मागच्या सीटवर सावली. मला तेवढंच हवं होतं.

लोकांनीही बहुधा याच कंटाळ्यातून उघड्या गाड्या सोडल्या असाव्यात. १९१९च्या सुमारास अमेरिकेत दहांतल्या नऊ गाड्या उघड्या असत. दहाएक वर्षांत हे प्रमाण जवळपास उलटं झालं. १९२५मध्ये एसेक्स या अमेरिकन कंपनीची बंद गाडी तिच्याच टूररपेक्षा किंचित स्वस्त झाली, मग कोण थांबतंय!

तरीही तुम्ही फक्त कोरड्या सकाळी, एकट्याने, वळणांच्या रस्त्यावर गाडी काढणार असाल तर रोडस्टरला तोड नाही, हे मी नाकारत नाही. मधला मार्गही आहे: एमजी या ब्रिटिश कंपनीची एमजीए रोडस्टर १९६२पर्यंत पडद्यांवरच चालली, पण त्याच वर्षी आलेल्या एमजीबीला फिरवायच्या काचा मिळाल्या. माझा कल मात्र तुमच्या लक्षात आलाच असेल.

रोडस्टर बघायला गेलात तर मालकाला टप आणि पडदे लावून दाखवायला सांगा, मग संध्याकाळी आत बसून एक फेरी मारा. ड्रॉपहेड असेल तर टप अर्धवट उघडून त्याच्या चौकटीतलं लाकूड नखाने टोचून बघा. अस्तराखाली ते कुजलेलं निघालं, तर किमतीची बोलणी पुन्हा पहिल्यापासून.