जुनी लेथ घ्यायला निघालेल्यांसाठी

मी टपाल खात्यात आहे. राहायला मिरजेत, आणि घरामागे दहा बाय बाराची पत्र्याची शेड आहे. रविवार त्या शेडमध्ये जातो. बेंच व्हाईसला ॲल्युमिनियमच्या अँगलचे मऊ जबडे केले, ड्रिलिंग मशिनला खोलीचा स्टॉपर बसवला, ग्राइंडरसमोर टूल टेकवायला हलतं टेबल केलं. अशी बारीकसारीक कामं मी वीस वर्षं करतोय. वाफेचं एक छोटं इंजिन स्वतःच्या हातानं करायचं फार मनात होतं, २० मिमी बोअरचं (सिलिंडरच्या भोकाचा व्यास). त्याला लेथ हवी, म्हणजे धातू गरगर फिरवत कातायचं यंत्र. गेल्या फेब्रुवारीत मी साडेचार फुटी जुनी लेथ घेतली, आणि गाडीभाडं धरून ९२ हजार रुपये घालवून बसलो. हा पैसा मी आठ वर्षं बाजूला काढत होतो. दुसऱ्या कुणाचे असे जाऊ नयेत म्हणून झालं ते सगळं लिहितो.

जुन्या मशिनरीचा व्यापारी दुसऱ्या जिल्ह्यातल्या औद्योगिक वसाहतीत होता. आधी व्हिडिओ आला. हिरवा रंग, चकचकीत हँडव्हील, आवाज अगदी गुळगुळीत. हेडस्टॉकवर, म्हणजे काम फिरवणाऱ्या डोक्यावर, पितळी पाटी, 'किर्लोस्कर, हरिहर'. किर्लोस्करवाडी आमच्याच जिल्ह्यातली, १९१० पासूनची, आणि हरिहरचा म्हैसूर किर्लोस्करचा कारखाना १९४१ चा. त्या नावावर आमच्याकडे माणूस डोळे झाकून विश्वास ठेवतो. मीही ठेवला.

बघायला गेलो तेव्हा मशिन आधीच चालू होतं. "काका, तुमच्यासाठीच गरम करून ठेवलंय," म्हणाला. चकात, म्हणजे काम पकडून फिरवणाऱ्या जबड्यात, ॲल्युमिनियमचा इंचभर लांबीचा तुकडा होता. त्यावर त्यानं एक कट मारला. आरशासारखं फिनिश आलं. मी तुकडा हातात घेतला, नख फिरवून पाहिलं, आणि माझं मन तिथंच ठरलं. चूक झाली ती त्या क्षणी.

ॲल्युमिनियम मऊ असतं. धार नीट असली तर झिजलेल्या लेथवरही ते चमकतं. आणि इंचभर लांबीत टेपर, म्हणजे जाडीतला उतार, दिसणार कुठून?

दहा हजार यूपीआयनं दिले. बाकीचे रोख, मशिन टेम्पोत चढल्यावर. बिल मागितलं तर म्हणाला, "बिल हवं तर पूर्ण रकमेवर अठरा टक्के वर लागतील, काका. बघा, परवडतंय का." मी गप्प बसलो. नंतर एका ओळखीच्या कर सल्लागारांनी सांगितलं की जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला फक्त स्वतःच्या नफ्यावर जीएसटी भरायची मुभा असते. म्हणजे तो धाकही खोटा निघाला. हातात राहिली एस्टिमेटची एक चिठ्ठी, तिच्यावर ना शिक्का ना सही.

हायड्रा क्रेन लावून मशिन शेडमध्ये उतरवलं. घरच्यांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. पहिले चार दिवस मी नुसताच पुसत होतो.

मग इंजिनाच्या पिस्टन रॉडसाठी लांब काम लावलं आणि मायक्रोमीटर काही केल्या जुळेना. चकाजवळ एक माप, टोकाला दुसरं. मला वाटलं टेलस्टॉक, म्हणजे कामाचं दुसरं टोक धरणारा भाग, सरकलाय. तीन रविवार मी टेलस्टॉकच सरकवत बसलो. शेवटी गल्लीतल्या मिस्त्रींना बोलावलं. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं टर्नर होते ते. त्यांनी मशिन चालूही केलं नाही. सॅडलच्या, म्हणजे टूल घेऊन पुढंमागं सरकणाऱ्या भागाच्या, गिबचे (ते डुलू नये म्हणून लावलेल्या पट्टीचे) स्क्रू चकाजवळ बेताचे आवळले, आणि मला म्हणाले, "साहेब, आता चाक फिरवत मागं न्या बघू." अर्ध्यावर गेलं आणि अडकलं. अजिबात हलेना.

"चकाजवळ बेड खाल्लाय," एवढंच म्हणाले. बेड म्हणजे सॅडल ज्यावर सरकतं तो लांब पाया.

लेथवरची निम्म्याहून जास्त कामं चकापासून वीतभर अंतरात होतात. वर्षानुवर्षं सॅडल तिथंच घासतं, मागचा बेड कोराच राहतो. गिब चकाकडे बरोबर बसवला तर टेलस्टॉककडे जाम होतो, आणि मागे मोकळा चालेल असा ठेवला तर चकाकडे सॅडल डुलतं. व्यापाऱ्यानं गिब ढिले ठेवले होते, म्हणून दाखवताना चाक लोण्यासारखं फिरत होतं. मला ते किती आवडलं होतं!

मिस्त्रींनी मग ४० मिमीचा एक बार लावला, चकाबाहेर २०० मिमी काढला आणि त्यावर तीन कॉलर, म्हणजे जाड पट्टे, ठेवले. एक चकाजवळ, एक मध्ये, एक टोकाला. हलका कट, एकाच सेटिंगला तिन्हींवरून. मापं आली ३८.३१, ३८.२० आणि ३८.१८. बार नुसता वाकत असता तर टोकाचं माप मोठं आलं असतं. हेडस्टॉक तिरका असता तर फरक सारख्या उतारानं वाढला असता. इथं दोन कॉलर जवळपास सारखे आणि फक्त चकाकडचा जाड. म्हणजे तिथं बेड झिजलाय, सॅडल पुढं कलतं आणि टूल कामापासून लांब जातं. मला दोन-तीन शतांश मिलिमीटरचा फरक चालला असता. हा तेरा शतांश होता. पिस्टनला हा फरक म्हणजे वाफ सगळी बाजूनं निसटणार.

त्यानंतर एकेक गोष्ट उघडी पडत गेली. बेडवर चंद्रकोरीसारख्या स्क्रॅपिंगच्या (हातानं खरवडून सपाट केल्याच्या) खुणा होत्या, त्यांना मी कारागिरी समजलो होतो. खऱ्या खुणा चकाकडे झिजून पुसट झालेल्या असतात आणि मागे शाबूत. इथं सगळीकडे सारख्याच ताज्या होत्या. भिंग लावलं तर गंजाच्या खड्ड्यांच्या कडांवरूनही त्याच ओरखड्यांनी उडी मारलेली. ग्राइंडरनं ओढलेल्या खुणा होत्या त्या. चकाखालच्या सपाट भागावर, चक काढताना फळी न ठेवल्यानं पडलेले घाव, लांबी (पुट्टी) भरून रंगवलेले. नखानं खरवडलं तर करडी भुकटी सुटली. हेडस्टॉकमधलं तेल मधासारखं जाड होतं. ते काढून योग्य तेल घातलं तेव्हा गिअर रडायला लागले. कमी वेगासाठीचा बॅक गिअर रॉकेलनं धुतला तर एका दाताच्या मुळाशी पिवळी रेघ दिसली. तुटलेला दात पितळेनं जोडून कानशीनं घासलेला. आणि ती पाटी! तिच्याखाली वेगळ्याच अंतरावर चार जुन्या रिव्हेटांची भोकं, तीही लांबीनं बुजवलेली. ती पाटी त्या मशिनची नव्हतीच.

एक गोष्ट मात्र त्यानं झाकली नव्हती, आणि मी पाहिली असती तर वाचलो असतो. लीड स्क्रू, म्हणजे सॅडल सरकवणारा लांब आट्यांचा दांडा. चकाकडचे आटे आणि टेलस्टॉककडचे आटे शेजारी शेजारी ठेवल्यासारखे निरखून बघा. मागचे चांगले जाड आणि चकाकडचे सुरीसारखे बारीक असतील, तर ते मशिन किती राबलंय ते तिथंच कळतं. याला हत्यार लागत नाही, एक चिंधी पुरते.

बेड ग्राइंड करून घ्या, असं बरेच जण सुचवतात. मी चौकशी केली. नुसतं ग्राइंडिंग होऊन भागत नाही. बेड जितका खाली जातो तितकं सॅडल खाली बसतं, ॲप्रन (सॅडलपुढची गिअरची पेटी) आणि लीड स्क्रूची रेषा बिघडते, मग सॅडलखाली टर्साइटची (कमी घर्षणाच्या प्लॅस्टिकची) पट्टी चिकटवून ती स्क्रॅप करून घ्यावी लागते. सगळं मिळून मला सांगितलेला आकडा मशिनच्या निम्म्या किमतीच्या वर जातो.

व्यापाऱ्याला फोन केला. "काका, जुनी वस्तू, जशी आहे तशी. तुमच्यासमोर चालवून दाखवली की." दुसऱ्या दिवसापासून फोन उचलणं बंद.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यांनी पहिल्यांदा बिल विचारलं. माझ्याकडे यूपीआयची नोंद, त्याचा व्हिडिओ, 'ओरिजिनल हरिहर' असं त्यानं लिहिलेला मेसेज आणि मिस्त्रींसमोर घेतलेले फोटो एवढंच आहे. वकिलांनी सांगितलं की तेवढ्यावरही जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. छंदासाठी घेतलेलं मशिन व्यवसायासाठीचं धरलं जात नाही, ही बाजू माझ्या फायद्याची. रोख दिलेले पैसे सिद्ध करणं मात्र अवघड जाणार, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. रोख देऊ नका हो, कुणीही. शंभर रुपयेसुद्धा.

व्यापाऱ्याला पाठवलेली नोटीस पोचल्याची पोचपावती गेल्या आठवड्यात आली. इंजिनाच्या सिलिंडरचं ओतीव ग्रीसच्या कागदात गुंडाळून फळीवर ठेवलंय.

सांगली-मिरजेच्या आसपास कुणी जुनी लेथ बघायला निघालं असेल तर मला सांगा. रविवारी मी मोकळा असतो, मिस्त्रीही यायला तयार आहेत. मशिन थंड असताना जायचं, व्यापाऱ्याला आधी चालू करू द्यायचं नाही. ४० मिमीचा बार, मायक्रोमीटर आणि डायल गेज एका पिशवीत भरून दाराशी ठेवलेत.