कास्ट आयर्न बुलेटचं ‘फुल इंजिन काम’ : माझे ३८,७५० गेले, तुमचे जाऊ देऊ नका

लिहू का नको असं करत दीड महिना काढला. लाज वाटते, हेच खरं कारण. पण परवा, ज्या मेस्त्रीने मला फसवलं त्याच्याच गॅरेजवरून जाताना दोन कास्ट आयर्न बुलेट (म्हणजे ओतीव लोखंडी इंजिनाच्या जुन्या बुलेट) इंजिन उतरवून ठेवलेल्या दिसल्या, एकीला मागे लगेज कॅरिअर बसवलेलं, म्हणजे अजून कोणीतरी लांबच्या राइडसाठी गाडी त्याच्या ताब्यात देऊन बसलाय, आणि मग गप्प राहवेना.

माझी गाडी १९९४ ची स्टँडर्ड ३५०, वडिलांनी घेतलेली. उजव्या पायाला गिअर, पॉइंट इग्निशन, सगळं मूळ. इंजिन आत्तापर्यंत एकदाच उघडलं होतं, २००६ ला, तेव्हा ०.२५ ओव्हरसाइझचं बोअर झालेलं, म्हणजे सिलिंडर ०.२५ मिमी मोठा करून त्या मापाचा पिस्टन टाकलेला. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे यावरच सगळं उघडं पडलं. आणि मी काही कालचा पोरगा नाही. पुशरॉड बोटाने फिरेल इतपत टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करणं, पॉइंटचा गॅप, क्लच केबल हे सगळं मी घरीच करतो, याच गाडीवर दोनदा गोवा आणि एकदा हंपी केलंय. पण बोअर आणि क्रँक ही घरी करायची कामं नाहीत ना, तिथे कोणावर तरी भरवसा टाकावाच लागतो.

यावर्षी लेह ठरलं होतं. पुणे, नाशिक, धुळे, इंदूर असं वर चढत मनालीवरून. मी आणि दोन मित्र, दोघांकडे नव्या गाड्या. माझ्या इंजिनाला थोडा कनेक्टिंगचा (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याचा) आवाज होता म्हणून म्हटलं आता अर्धवट काही नको, पूर्ण काम करून घेऊ. जुन्या बुलेटवाल्यांच्या तोंडून या मेस्त्रीचं नाव दहा वेळा ऐकलेलं. गेलो तर बोलणं असं की आपण गारच पडतो. कनेक्टिंग रॉड क्रँकवर ज्या फ्लोटिंग बुशवर फिरतो तो काढून रोलर बेअरिंगचं कनेक्टिंग रॉड टाकू, तासन्तास पळवायची तर रोलरच पाहिजे, हे त्याने मला सांगितलं आणि ते बरोबरच आहे, म्हणून तर फसलो. खोटं बोलणारा माणूस नव्वद टक्के खरंच बोलत असतो.

हिशेब असा. रोलर कनेक्टिंग किट आणि क्रँकचं काम ११,८००. ०.५० चं रिबोअर आणि नवा पिस्टन ६,४५०. हेडचं (सिलिंडरवरच्या झाकणाचं) काम, व्हॉल्व्ह, गाइड, सीट मिळून ४,३००. क्लच प्लेटा आणि चेन-स्प्रॉकेट ५,२००. मजुरी ११,०००. एकूण ३८,७५०. सुरुवातीला १५,००० कॅश दिले, मग १२,००० यूपीआयने, तेही दुसऱ्याच कोणाच्या तरी नावावर, आणि गाडी नेताना ११,७५० परत कॅश, कारण म्हणे बोअर करणारा मशीनवाला कॅशच घेतो. बिल कशाचं, वहीच्या कागदावर आकडे लिहून दिले, खाली सही नाही की शिक्का नाही. जुन्या गाड्यांच्या कामात पक्कं बिल कोण देतं, हे तुम्हालाही माहितीये. तरी मागा. नाही म्हणाला तर तिथूनच गाडी ढकलत परत आणा.

आता तो क्षण, जो रोज रात्री डोळ्यासमोर येतो. गाडी आणायला गेलो, किक मारली तर किक नेहमीसारखीच गेली. नव्या रिबोअरचं इंजिन घट्ट लागतं, पायाला कळतं लगेच. मला कळलं. मी बोललोसुद्धा, की मेस्त्री किक हलकी लागतेय. मग मीच प्लग काढला आणि मोबाइलचा टॉर्च मारून आत बघितलं तर पिस्टनचं डोकं काळं. कार्बन. नवा पिस्टन काळा कसा असेल? तो म्हणाला, “दादा, दोन तास चालवून रनिंग काढलंय, थोडं ऑइल जाळणारच.” दोन तासात एवढा थर बसत नाही हो! मला माहीत होतं. मागे मित्र उभा होता, चार दिवसांवर निघायची तारीख, १६ दिवसांची रजा मंजूर झालेली, आणि मी प्लग परत लावला. बस. तिथे मी एक शब्द बोललो असतो, हेड उतरव म्हटलं असतं, तर तिथेच संपलं असतं.

जुने पार्ट मागितले होते. “भंगारात गेले.” जुना पिस्टन, जुनं कनेक्टिंग, जुन्या रिंगा, सगळं पिशवीत भरून घरी आणायचं, काम सुरू व्हायच्या आधीच तसं सांगून ठेवायचं. रनिंग-इनचं (नवं काम बसेपर्यंत गाडी हळू चालवण्याचं) विचारलं तर म्हणाला गरज नाही, सरळ लेहला जा. रिबोअर केलेलं कास्ट आयर्न इंजिन पहिले पाचशे किलोमीटर तरी ५०-५५ च्या आत चालवायचं असतं हे आपण सगळेच जाणतो. ज्याने खरंच बोअर केलंय तो मेस्त्री हे दहा वेळा बजावून सांगतो. ज्याने केलंच नाही त्याला काय फरक पडतो?

पहाटे पाचला पुण्यातून निघालो, संध्याकाळी धुळे. नाशिकच्या पुढेच मागचा मित्र म्हणत होता निळा धूर येतोय. धुळ्यात डिपस्टिक काढली तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली, साधारण ७०० मिली टाकलं. फोन केला. उत्तर, “नव्या रिंगा सेट होतायत, दादा.” दुसऱ्या दिवशी तापी ओलांडून शिरपूर, पळासनेर, आणि बिजासन घाट चढायला लागल्यावर खालून ठोके यायला लागले. आधी वाटलं टॅपेट. मग आवाज जड झाला आणि एका वळणावर मागचं चाक एकदम जाम. क्लच दाबायला जमलं म्हणून वाचलो, मागे ट्रक होता. हे मी पैशांच्या वरचं धरतो. त्या माणसाने ३८,७५० साठी मला ट्रकपुढे उभं केलं.

मित्रांना मीच म्हटलं तुम्ही पुढे जा. टेम्पोने गाडी सेंधव्याला, १,८००. तिथल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रीने इंजिन उघडलं, ७०० घेतले, आणि एकेक वस्तू माझ्या हातात देत गेला. पिस्टनच्या डोक्यावर ०.२५. तोच, २००६ चा. बाजूने पॉलिश पेपर मारून चकचकीत केलेला, फक्त रिंगा नव्या. बोअरला हात नाही. कनेक्टिंग रॉड जुनं, फ्लोटिंग बुशचंच, आणि बुश क्रँकपिनला चिकटून बसलेला. रोलरचा पत्ता नाही. वर वडिलांच्या वेळचा मूळ मिकार्ब कंपनीचा कार्बोरेटर जाऊन त्या जागी कुठला तरी लोकल. हे तर मी दोन दिवस चालवताना बघितलंच नव्हतं, टाकीखाली वाकून बघायचं सुचलंच नाही. गाडी देताना कार्बोरेटर, कॉइल, अल्टरनेटर, अँमीटर सगळ्याचे जवळून फोटो काढून ठेवा, खुणा करा.

पिकअपने गाडी पुण्यात आणायला १४,५००. म्हणजे वरखर्चच १७,०००. मित्रांनी लेहच्या वाटेवरच्या तंगलंग ला खिंडीतून फोटो पाठवला तेव्हा मी ऑफिसात होतो.

आता पोलिसांचं. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी दोन तास बाकावर बसवून मग विचारलं, “गाडी मिळाली ना परत? मग चोरी कुठंय?” मी म्हटलं साहेब फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, पूर्वीच्या ४२० च्या जागी आलेलं, प्रिंट काढून नेली होती. त्यावर, “तुम्ही वकील आहात का?” पिस्टन टेबलावर ठेवला, ०.२५ दाखवलं. “आम्हाला यातलं काय कळणार, सिव्हिल मॅटर आहे.” तिसऱ्या खेपेला अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर म्हणे उद्या या. चौथ्या खेपेला अर्जच सापडेना! ऑनलाइन फसवणुकीच्या फोनवर सांगितलं तर तुम्ही स्वतः पैसे पाठवलेत, यात सायबर काही नाही. ग्राहकांसाठीच्या एका हेल्पलाइनवर अर्धा तास बोललो, त्यांना दुकानाचा ईमेल हवा. ज्याच्या शटरवर पाटीसुद्धा नाही त्याचा ईमेल मी आणू कुठून? काही दिवसांनी मेसेज आला, तक्रार बंद. ज्याच्याकडे नोंदणी नाही, बिल नाही, तो सगळ्यात सुरक्षित, आणि ज्याने कष्टाचे पैसे दिले त्याने पुरावा आणायचा, ही कुठली पद्धत? चार रजा यातच गेल्या. आणि तो मेस्त्री? “माझ्याकडून गाडी बरोबर गेली, सेंधव्यावाल्याने पार्ट बदलले असतील.” सेंधव्यात एकेक पार्ट बाहेर निघताना मी व्हिडिओ काढलाय म्हणून बरं, नाहीतर तेही खरं ठरलं असतं. वाटेत कुठेही इंजिन उघडायची वेळ आली तर पहिला नट सुटायच्या आधी कॅमेरा चालू करा.

हेड चढवायच्या दिवशी स्वतः गॅरेजमध्ये उभं राहा. पिस्टनवरचा नंबर वाचा. मूळ बोअर ७० मिमी असतो, ०.५० म्हणजे ७०.५० व्हायला हवा, मशीनशॉपची चिठ्ठी मागा किंवा थेट मशीनशॉपमध्ये जा. कॅश देऊ नका. टूरच्या आधी चार दिवस तर गाडी अजिबात आणू नका, महिनाभर आधी आणा आणि पाचशे किलोमीटर घराजवळच फिरवा. माझ्या घाईवरच त्याचा धंदा झाला.

आता दुसऱ्याकडे काम करून घेतलं, ३१,२०० लागले, यावेळी रोज संध्याकाळी जाऊन बसत होतो. ग्राहक आयोगात जातोय. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं, ५ लाखांपर्यंत फी नाही. १२,००० चा यूपीआय, वहीचा कागद, धुळ्याहून केलेल्या फोनची नोंद आणि सेंधव्याचा व्हिडिओ एवढंच हातात आहे. पिस्टन आणि तो बुश कागदात गुंडाळून कपाटात ठेवलाय. त्या दोन बुलेटपैकी एखादी तुमची असेल तर आजच जा आणि हेड उतरवायला लावा.