प्रशिक्षण वर्गासाठी रायफलचा स्वस्त पट्टा: सुती, नायलॉन की चामड्याचा?

प्रोजेक्ट ॲपलसीड या रायफलची नेमबाजी शिकवणाऱ्या उपक्रमाच्या दोन दिवसांच्या वर्गाला जाणारे बरेच नवखे रायफल, दुर्बीण आणि गोळ्या यांवर भरपूर डोकं लावतात आणि पट्टा मात्र शेवटच्या दिवशी दुकानात दिसेल तो उचलतात. मग वर्ग सुरू झाल्यावर कळतं, की घेतलेला पट्टा फक्त रायफल खांद्याला अडकवण्याच्या कामाचा आहे. या वर्गात पट्ट्याचं काम आहे नेम धरताना रायफल स्थिर ठेवण्याचं. त्या कामात साधा सुती पट्टा बाजारातल्या बऱ्याच महागड्या पट्ट्यांना मागे टाकतो.

ॲपलसीड हा अमेरिकेतला उपक्रम 2006 पासून चालू आहे. नेमबाजी बहुधा 25 मीटरवर आणि लहान काडतुसाच्या .22 रायफलने होते. कागदावरची लक्ष्यं लहान करून 100 ते 400 यार्डांचा आभास निर्माण केलेला असतो. चाचणीत 40 गोळ्या आणि जास्तीत जास्त 250 गुण. 210 मिळाले की 'रायफलमन'चा बिल्ला. गोळ्या उभं राहून, बसून आणि पालथं पडून मारायच्या. पडून मारलेल्या शेवटच्या 10 गोळ्यांचे गुण दुप्पट धरतात, आणि तिथेच पट्ट्याचा खरा कस लागतो.

खरेदीआधी भारतीय वाचकांनी एक गोष्ट पक्की करून घ्यावी. अमेरिकी संघीय कायद्यानुसार एच-1बी, एल-1, एफ-1 अशा व्हिसावर असलेल्यांना बंदूक किंवा गोळ्या बाळगायला सर्वसाधारणपणे बंदी आहे, आणि मैदानावर दुसऱ्याची रायफल हातात घेणंही 'बाळगणं' ठरतं. याला अपवाद आहेत. नेहमीचा अपवाद म्हणजे तिथल्या एखाद्या राज्याचा मुदतीत असलेला शिकार परवाना. ग्रीनकार्डधारकांना ही बंदी लागू होत नाही. राज्यांचे कायदे वेगळे असतात, ते स्वतंत्रपणे तपासा.

आता पट्टा नेमकं काय करतो ते पाहू. पालथं पडून नेम धरताना डावा कोपर जमिनीवर टेकलेला असतो (डावखुऱ्यांनी सगळं उलट वाचावं). पट्टा रायफलच्या पुढच्या कडीपासून (कडी म्हणजे पट्टा अडकवायचं धातूचं कडं) निघून मनगटाच्या मागून दंडाला जातो. पट्टा ताणला, की दंड, हात आणि पट्टा यांचा त्रिकोण तयार होतो आणि रायफलचं वजन स्नायूंवर न राहता हाडांवर व पट्ट्यावर येतं. यासाठी पट्ट्यात तीन गुण हवेत: ताणल्यावर लांबायला नको, बकलातून सरकायला नको, आणि दंडावरचा फास मागच्या कडीला न बांधता वेगळा करता यायला हवा. खालची सगळी तुलना या तीन कसोट्यांवर आहे.

सुती लष्करी पट्टा

अमेरिकी सैन्याच्या एम-1 गरँड आणि एम-14 रायफलींवर असायचा तो सव्वा इंच रुंदीचा विणलेला सुती पट्टा. साधारण 15 ते 25 डॉलरांत येतो. एका टोकाला धातूची आकडी, तिच्याजवळ पट्टा सरकवायची चौकट, आणि दुसऱ्या टोकाला खटक्याचं बकल. सुताचा पृष्ठभाग खरखरीत असल्याने तो बाहीवर आणि बकलात घट्ट धरून राहतो. फास तयार करायला आणि काढायला सोपा. पहिल्या वर्गासाठी आमची शिफारस निःशंकपणे हाच पट्टा.

दोष आहेत, पण ते आटोक्यातले. नवीन बनावटीच्या नकलांमध्ये बकलाचा खटका सैल असतो. पट्टा आला की खटका बंद करा, एक टोक पायाखाली दाबा आणि दुसरं दोन्ही हातांनी जोरात ओढा. अर्धा इंच जरी सरकला तरी परत पाठवा. आकडीचं तोंडही बघा. ते फार उघडं असेल तर पट्टा ढिला होताच ती कडीतून निसटते. पावसात भिजला की सूत फुगतं आणि पट्टा चौकटीतून हलता हलत नाही, म्हणून लांबी कोरडा असतानाच ठरवून पेनने खूण करून ठेवावी.

तसाच दिसणारा नायलॉनचा

फोटोत दोन्ही पट्टे सारखेच दिसतात, त्यामुळे इथे फसगत होते. किमतीतही फारसा फरक नाही. नायलॉन कुजत नाही, पाण्यात फुगत नाही. खांद्यावर वागवायला उत्तम. पण तो गुळगुळीत असतो. दहा गोळ्यांची फेरी संपेपर्यंत बकलातून थोडाथोडा सरकतो आणि दंडावरून खाली घसरतो. आधीच घरात असेल तर वर्ग निभावता येईल. नव्याने विकत मात्र घेऊ नका. मागवताना वर्णनात 'कॉटन' शब्द आहे ना, ते वाचा.

चामड्याचा 1907 नमुना

नावातच त्याचं साल आहे. एक लांब आणि एक आखूड असे दोन चामडी तुकडे, त्यांना जोडणारं धातूचं कडं, छिद्रांत अडकणाऱ्या पितळी किंवा लोखंडी आकड्यांच्या दोन जोड्या, आणि फास जागेवर धरणारी दोन चामडी वेटोळी. चांगला पट्टा 50 डॉलरांच्या पुढेच जातो. फास दंडावर बसवून वेटोळं दंडाच्या दिशेने घट्ट सरकवलं, की तो कुलूप लावल्यासारखा बसतो. छिद्रं मोजता येत असल्याने 'पडून अमुक छिद्र, बसून तमुक' असं लिहून ठेवता येतं. दर वेळी तोच ताण मिळतो. स्पर्धेत उतरणारे याच्याकडे वळतात ते या कारणाने.

मग पहिल्या वर्गाला हाच का नको? नवं चामडं कडक असतं, आकड्या छिद्रांत घालताना बोटं दुखतात, आणि पहिल्या काही वापरांत ते ताणतं, म्हणजे छिद्रांचा हिशोब पुन्हा जुळवावा लागतो. शिवाय जोडणी किचकट. वर्गातल्या मोजक्या मिनिटांत ती शिकणं कठीण. घ्यायचाच असेल तर महिनाभर आधी घ्या आणि रोज थोडा वापरा. तेल अगदी बेताने लावा, जास्त झालं तर चामडं लिबलिबीत होऊन ताणतच राहतं. स्वस्तातल्या नकलांत छिद्रं पातळ चामड्यात पाडलेली असतात आणि ती लवकरच लांबट होतात. अशा पट्ट्यापेक्षा सुती पट्टा केव्हाही बरा.

बाकीचे

ओढताच लांबी बदलणारा दोन टोकांचा 'टॅक्टिकल' पट्टा उभं राहून घाईचा आधार घ्यायला बरा, पण त्यातून दंडाचा स्वतंत्र फास बहुधा होत नाही. गादीवाला भाग किंवा इलॅस्टिक असेल तर तो या कामाला बादच. इलॅस्टिक ताण खाऊन टाकतं. एकाच बिंदूला अडकणारा पट्टा नेमाला आधार देत नाही. चिंग स्लिंग हा तीन कड्यांना अडकणारा पट्टा चटकन बसतो आणि चांगला आधार देतो, पण त्याला रायफलच्या पुढच्या भागात आणखी एक कडी लागते.

कड्या: इथे पैसे वाचवू नका

पुष्कळ साध्या .22 रायफलींना कड्या बसवायच्या खुंट्या मुळात नसतातच. शिकारी कड्या बऱ्याचदा एक इंची असतात. त्यात सव्वा इंची पट्टा घातला तर कडेला गोळा होतो आणि सरकत नाही. कड्या सव्वा इंचीच मागवा. लाकडी दस्त्यात, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागात, खुंटी बसवताना जागा दस्त्याच्या खालच्या टोकापासून साधारण अडीच ते तीन इंचांवर घ्या. आधी चिकटपट्टी लावा म्हणजे लाकडाचे टवके उडत नाहीत. ड्रिलच्या पात्यावरही खोलीच्या खुणेला पट्टी गुंडाळा, आणि स्क्रूच्या आट्यांना साबण चोळा. पुढच्या भागात लाकूड पातळ असेल तर साधा लाकडी स्क्रू ताणाखाली उपसून येतो; तिथे आतून नट असलेली खुंटी वापरा. काम करताना रायफल रिकामी आहे आणि गोळ्या दुसऱ्या खोलीत आहेत, याची खात्री करा.

पुढची कडी नळीला किंवा नळीभोवतीच्या पट्टीला जोडलेली असेल, तर पट्ट्याचा ताण थेट नळीवर येतो आणि गोळ्या ताणाच्या दिशेने, म्हणजे उजव्या हाताने मारणाऱ्याच्या बहुधा खाली-डावीकडे जातात. उपाय सोपा: रायफलचा झीरो, म्हणजे गोळी नेमाच्या जागीच लागेल अशी दुर्बिणीची जुळणी, पट्टा ताणूनच करा. टेबलावर पिशवीवर ठेवून केलेला झीरो वर्गात चुकीचा निघतो तो यामुळेच.

सुती पट्टा लावायचा कसा

मागची आकडी कडीतून सोडा. आकडीजवळच्या चौकटीतून पट्टा वर ओढून मोठा फास करा. पट्ट्याला अर्धा पीळ असा द्या, की मनगटाच्या मागे तो सपाट टेकेल. डावा हात फासातून घालून फास दंडाच्या फुगीर भागाच्या वर, काखेजवळ न्या आणि घट्ट करा. चौकट दंडाच्या बाहेरच्या बाजूला राहू द्या. मग डावा हात पट्ट्याला बाहेरून वळसा घालून आत घ्या आणि थेट पुढच्या कडीपर्यंत सरकवा. रायफल अंगठा आणि तर्जनीमधल्या खाचेत टेकवा, मनगट सरळ, बोटं सैल. शेवटी बकलातून लांबी अशी ठरवा, की दस्ता खांद्याच्या खोबणीत बसवण्यासाठी उजव्या हाताने थोडा जोर लावावा लागेल. सहज बसला तर पट्टा ढिला आहे.

बसून नेमताना बहुतेकांना पट्टा जरा आखूड लागतो, म्हणून दोन वेगळ्या खुणा करा. उभं राहून फास वापरायचा नसेल तर आकडी मागच्या कडीत अडकवा, दंड पट्ट्याच्या आत घाला, मनगटाला एक वळसा द्या आणि कोपर बाहेर ढकलून ताण आणा.

चूक ओळखायच्या खुणाही माहीत असू द्या. डाव्या हाताची बोटं पूर्ण सैल सोडा: रायफलचं तोंड खाली गेलं तर वजन अजून स्नायूंवरच आहे. नाडीच्या ठोक्याबरोबर नेम उडत असेल तर फास दंडाच्या मधोमध, धमनीवर आहे, वर सरकवा. गोळ्यांचे छेद हळूहळू खाली उतरत असतील तर फास घसरतोय. यात दोष पुष्कळदा गुळगुळीत विंडचीटरचा असतो. जाड सुती स्वेटशर्ट घाला. हात बधिर होऊ लागला तर दोन फेऱ्यांमध्ये फास सैल करा, पण बकलाची खूण हलवू नका.

हे सगळं घरी, रिकाम्या रायफलवर, घड्याळ लावून करून बघा. मैदानावर लोक लक्ष्यांकडे गेलेले असताना रायफलला हात लावता येत नाही, त्यामुळे पट्टा बांधायला फक्त तयारीची मिनिटं मिळतात.

हाच पट्टा पुढे पुण्यात किंवा कोल्हापुरात वापरायचा विचार असेल, तर तिथलं चित्र वेगळं आहे. क्लबात बहुतेकांची सुरुवात 10 मीटर एअर रायफलने होते. ती उभं राहून मारायची आणि तिथे पट्टा वापरता येत नाही. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली तो 50 मीटर प्रोन (पालथं पडून मारायचा) प्रकार, किंवा स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं तो थ्री पोझिशन्स (गुडघ्यावर बसून, पडून आणि उभं राहून मारायचा), यांत पट्टा चालतो, पण पडून आणि गुडघ्यावर बसूनच. आंतरराष्ट्रीय नियमात पट्ट्याची रुंदी 40 मिलिमीटरपर्यंत चालते, म्हणजे सव्वा इंची पट्टा रुंदीत बसतो. मात्र स्पर्धेच्या रायफलींना खालून रूळ आणि त्यावर सरकणारा हँडस्टॉप (पुढचा हात अडवणारा टेकू) असतो. तिथे दंडाला बांधायचा स्वतंत्र स्पर्धा-पट्टाच घ्यावा, आणि तोही क्लबातल्या प्रशिक्षकाला रायफल दाखवूनच.