लेकीच्या नागरिकत्वाच्या नावाखाली माझे १,५३,५०० रुपये गेले

आधी हिशेब. फाइल उघडायचे १५,००० रोख, 'सरकारी फी' म्हणून ७८,५०० आणि 'फास्ट ट्रॅक'चे ६०,०००.

लेकीचा अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज फेटाळला गेला तो आमच्यापायी. माझ्या बायकोच्या आजारपणात ती नोकरी सोडून सात महिने पुण्यात सहकारनगरला येऊन राहिली. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की तिथलं वास्तव्य खंडित झालं असं धरतात. हे माझ्या मनाला फार लागलं होतं. ती तिथेच वकील करू म्हणत होती. मीच थांबवलं आणि बाणेरच्या एका कन्सल्टंटकडे गेलो.

फीसाठी त्याने क्यूआर कोड पुढे केला. स्कॅन केल्यावर एका बाईचं नाव आलं. मी विचारलंसुद्धा! "काका, आमच्या अकाउंट्सच्या मॅडम आहेत." अमेरिकन सरकारची फी पुण्यातल्या मॅडमच्या खात्यात? नागरिकत्वाच्या मूळ अर्जाची, म्हणजे एन-४०० ची, ऑनलाइन फी ७१० डॉलर, ती अर्जदार थेट भरतो. पहिल्या वेळी लेकीने माझ्यासमोर भरली होती. तरी मी पिन टाकला. बत्तीस वर्षं हिशेबखात्यात काढलेला माणूस मी. पण डोळ्यांसमोर लेकीचा रडवेला चेहरा होता, दुसरं काही सुचत नव्हतं.

पैशांपेक्षा जिव्हारी लागले ते ३० दिवस. नकारानंतर सुनावणी मागायचा एन-३३६ हा अर्ज तेवढ्यातच द्यावा लागतो. हा रोज "आज सबमिट होतंय" म्हणत राहिला. त्याने पाठवलेला पावती क्रमांक बाराच खुणांचा होता. खऱ्यात तीन अक्षरं आणि दहा आकडे असतात. मोजून बघत जा.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, क्रमांक मिळाला, पुढे शांतता. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. आमच्या ठाण्यात म्हणाले, ऑफिस बाणेरला, तिकडे जा. तिकडे म्हणाले, राहता तिथे द्या. चार खेपा झाल्या! हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर घेता येतो, हे मी त्यांना सांगायचं? वर एक साहेब म्हणतात, "सेवा घेतलीत, काम झालं नाही, हा दिवाणी वाद." कसली सेवा? अर्जच भरला नाही त्याने!

रोख देऊ नका. सल्लागाराकडे अमेरिकेतल्या वकिलीचा परवाना किंवा तिथल्या न्याय खात्याची मान्यता मागा. पुन्हा अर्ज करता येतो, पण परतल्यापासूनचा काळ भरावा लागतो. पैसे देऊन तो कमी होत नाही.

गाळ्याला आता कुलूप आहे. शेजारचा दुकानदार म्हणाला, आणखी दोघं चौकशीला आले होते. ते हे वाचत असतील तर यूपीआयचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, तक्रार एकत्र देऊ.